पाहुण्याला शिकवलेले ठोके

माझे वडील ढोल वाजवत. बँडमधला मोठा ढोल, छातीवर पट्ट्यांनी अडकवलेला. समोरून पाहिलं तर त्यांची टोपी, दोन कोपरं आणि अंगावरचं चित्त्याचं कातडं एवढंच दिसे. ग्वाल्हेर संस्थानच्या बँडमध्ये त्यांच्या आधी माझे आजोबा होते. आजोबा नगरकडचे. मिशनच्या शाळेत बिगुल शिकले, कोणाच्या तरी शिफारशीने इकडे नोकरीला आले आणि इथलेच झाले.

बँडची एक तुकडी शिवपुरीला असे, म्हणून माझी शाळा त्या लहान गावात झाली. मॅट्रिकच्या वर्षी बाबांची बदली ग्वाल्हेरला झाली आणि थाटीपुरच्या बाजूला बँडवाल्यांच्या क्वार्टरांच्या ओळीत आम्हाला एक क्वार्टर मिळालं. पुढे एक खोली, मागे एक खोली, अंगणात नळ. आईला ते राजवाड्यासारखं वाटलं, कारण शिवपुरीला पाणी विहिरीवरून आणावं लागे. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं, "हिला पुढे शिकवा." आई स्वतः चौथी शिकलेली. तिने ते वाक्य जपून ठेवलं होतं, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत असे.

ज्या वर्षी मी मॅट्रिक झाले त्याच सुमाराला संस्थान मध्यभारतात विलीन झालं. आज हे वाचताना सोपं वाटतं. तेव्हा आमच्या ओळीत लोक नळावर एकमेकांना विचारत, "आता सलामी कोणाला वाजवायची?" कोणी म्हणे, राजधानी हिवाळ्यात इथे आणि उन्हाळ्यात इंदूरला, म्हणजे आपणही पक्ष्यांसारखं उडत राहायचं. माणसं पिढ्यानपिढ्या महाराजांचं मीठ खाल्लेली. बाबांनी संस्थानची शेवटची सलामी वाजवली त्या दिवशी त्यांनी घरी येऊन टोपी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "चांगले धनी होते. देव त्यांचं भलं करो." आणि जेवायला बसले.

विलीनीकरण झालं तसा इंदूरचा बँड आणि आमचा बँड एक करायचा हुकूम आला. त्यातून जी गंमत झाली तिची गोष्ट बाबा पुढे अनेक वर्षं सांगत.

कवायतीत बँड वाजत चालतो तेव्हा मागच्या रांगेतल्यांना सगळ्यात पुढे छडी घेऊन चालणारा बँडमास्तर नीट दिसत नाही. गत, म्हणजे चालू धून, थांबवायची असली की बँडमास्तर छडी उभी धरतो, आणि ढोलवाला, ज्याला तो रांगांमधल्या फटीतून दिसतो, जोरात लागोपाठ दोन ठोके देतो. ते ठोके ऐकून सगळे थांबतात. म्हणजे सगळा बँड ढोलवाल्याच्या भरवशावर. आता झालं असं की ग्वाल्हेरची रीत होती, सुरांची ओळ संपली की दोन ठोके द्यायचे आणि तिथेच थांबायचं. इंदूरची रीत होती, छडी दिसली की लगेच दोन ठोके द्यायचे आणि चालू ओळ पुरी करून थांबायचं. पहिल्या तालमीला दोन्ही ढोल रांगेत. छडी वर गेली. इंदूरच्या ढोलवाल्याने दोन ठोके दिले, आमचे ग्वाल्हेरचे सगळे जागच्या जागी थांबले, इंदूरचे वाजवत पुढे निघाले आणि पुढच्यांच्या पाठीवर आदळले. एका क्लॅरिनेटवाल्याची टोपी ट्रॉम्बोनच्या नळीत अडकली. बाबांना वाटलं आपले ठोके राहिले, म्हणून त्यांनी ओळीच्या शेवटी आपले दोन ठोके दिले. तेव्हा कुठे इंदूरचे थांबले, आणि ग्वाल्हेरवाल्यांना वाटलं आता पुन्हा सुरू करायचं.

बँडमास्तर आमचेच, ग्वाल्हेरचे जुने; शिवपुरीलाही बाबा त्यांच्याच हाताखाली होते. ते मैदानात उभे राहून ओरडले, "अरे भाई, आधी बारात यहाँ खड़ी है, आधी दुल्हन लेके चली गई!"

त्यांनी ठरवलं, रीत ग्वाल्हेरची राहील. आणि ढोल एकच राहील. दोन ढोलवाल्यांतला एक ठेवायचा, दुसऱ्याला निरोप. पंधरवड्याने दोघांना आळीपाळीने सगळ्या बँडसह चालवून पाहायचं होतं.

आता बाबा चाळिशी ओलांडलेले. नोकरी गेली की क्वार्टर गेलं, आणि क्वार्टर गेलं की माझं कॉलेज गेलं. आई हे मोठ्याने बोलत नसे, पण भांडी घासण्याच्या आवाजावरून कळे.

आणि तो इंदूरचा ढोलवाला आमच्याच घरी उतरला होता.

इंदूरहून आलेल्यांना राहायला जागा नव्हती. एकेकाला एकेका घरी वाटून दिलं होतं, आणि ढोलवाला ढोलवाल्याकडे, असं कोणीतरी सहज ठरवलं. ते तिशीचे, उंच, रुंद छातीचे, जुन्या शिलेदार घराण्यातले मराठा. बायको-मुलं इंदूरला. पहिल्या दिवशी आईने दारातच विचारलं, "आम्ही ख्रिस्ती आहोत. तुम्हाला चालत नसेल तर शेजारच्यांकडून ताट मागवते." ओळीत काही घरी आमच्या हातचं पाणी चालत नसे, म्हणून ती आधीच विचारून मोकळी होई.

ते म्हणाले, "वहिनी, मी रात्रंदिवस म्हशीचं कातडं बडवतो. मला आता कोण बाटवणार?"

आई हसली नाही, पण तिने पाट मांडला. त्या दिवसापासून ते भावजी झाले. जेवणाआधी बाबा प्रार्थना करत तेव्हा तेही हात जोडून बसत. बाबांची प्रार्थना कधीकधी लांबे. एकदा 'आमेन' झाल्यावर ते म्हणाले, "दादा, तुमचा देव फार ऐकून घेतो हं. आमच्या देवाला एवढ्यात झोप लागली असती." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पोह्यांवरून मात्र त्यांचं आणि आईचं रोज वाजे. इंदूरचे पोहे वाफेवर असतात, त्यावर शेव पाहिजे, बडीशेप पाहिजे. आई म्हणे, "इथे पोहे फोडणीचे असतात आणि खाणारे गप्प बसून खातात."

एका दुपारी ते अंगणात बाबांना म्हणाले, "दादा, एक कळत नाही. मी छडीवर डोळा ठेवतो, छडी उठली की मोजतो, तरी माझे ठोके उशिरा पडतात. तुमचे बरोबर ओळीच्या टोकाला. तुम्हाला आधी कसं कळतं?"

बाबा "बघू," एवढंच म्हणाले.

मला आणि आईला ते कसं कळतं हे माहीत होतं. बाबांनी एकदा आम्हाला सांगितलं होतं. आमचे बँडमास्तर छडी वर करण्याच्या आधी एक पाऊल किंचित लांब टाकत. छडीकडे पाहणाऱ्याला उशीर होई. पावलांकडे पाहणाऱ्याला आधीच कळे की आता थांबायचं. हे बँडमास्तरांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. बाबा वर्षानुवर्षं त्यांच्या मागे चालले म्हणून त्यांना कळलं. त्यांचा राग कोणत्या वळणावर येतो, ऊन असलं की ते गत कुठे लवकर आवरतात, हे सगळं बाबांना पाठ होतं.

संध्याकाळी भावजी बाजारात गेले तशी आईने विषय काढला. मी भाकऱ्या थापत होते.

"तुम्ही त्यांना सांगणार नाही," ती म्हणाली.

"काय?"

"उगीच भोळेपणा करू नका. ते पावलाचं. दोघे सारखे वाजवायला लागलात तर बँडमास्तर साहेब कोणाला ठेवतील? तरण्याला ठेवतील. त्याची छाती बघितली का? दोन ढोल मावतील."

"त्याची बायको-पोरं आहेत."

"आणि ही कोण आहे?" आईने माझ्याकडे बोट केलं. "मी चोरी करायला नाही सांगत. खोटं बोलायला नाही सांगत. नुसतं गप्प राहायचं. गप्प राहण्यात कोणतं पाप आहे ते दाखवा."

बाबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "नियम बघितला तर कोणतंच नाही."

"मग झालं तर."

"नियमाच्या मागे चालत असतो तर झालं असतं," बाबा म्हणाले. "आपण माणसाच्या मागे चालतो ना. आणि तो माणूस कसा आहे हे आपल्याला माहीत आहे. तेच अवघड झालंय. माहीत नसतं तर मी गप्प राहिलो असतो."

आई म्हणाली, "प्रभूला ढोल वाजवून पोट नव्हतं भरायचं."

"नव्हतं. पण क्रुसाआधीच्या शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुवायला तो खाली बसला तेव्हा ओळीत कोण कोण बसलंय हे त्याला ठाऊक होतं. कोण उठून आपल्याला विकायला जाणार, हेसुद्धा. त्याचे पाय वगळले का? हा तर बिचारा इंदूरहून आलेला, आपल्या घरचं जेवणारा माणूस. याने काय केलंय आपलं?"

"पाय धुवा मग," आई चिडून म्हणाली. "पाणी मी तापवून देते. पण ढोल नका देऊ."

यावर बाबांना हसू आलं आणि आईला आणखी राग आला. ती बाहेर नळावर जाऊन बसली. भाकरी माझ्याकडून करपली, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मी तेव्हा कोणाच्या बाजूची होते, हे आज खरंच सांगता येत नाही. मला कॉलेज हवं होतं. रविवारी मुरारच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मी त्यासाठीच प्रार्थना करत होते. पण एवढं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं की बाबा घरात जे काही करत, दूधवाल्याशी बोलणं असो की नळावर दुसऱ्याची घागर आधी लावणं असो, त्यामागे चांगलं वागायची यादी नव्हती. एक माणूस होता. बाबा त्याला ओळखत होते. बँडमास्तरांना ओळखत होते तसेच, मागून चालून चालून. मी शाळेत नीतिशिक्षणात पहिली आले होते, आणि मला तोवर प्रभू म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र वाटत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी भावजींना अंगणात बोलावलं. दोघांना दोन रिकामे तेलाचे डबे दिले, आणि मला म्हणाले, "तू बँडमास्तर हो. लाटणं आण."

मी लाटणं घेऊन अंगणात पुढे चालायला लागले. बाबा आणि भावजी गळ्यात डबे अडकवून मागून. बाबा तोंडाने गत म्हणत. मी लाटणं उभं धरलं की भावजी ठोके देत, आणि ते उशिरा पडत.

"लाटणं बघू नका," बाबा म्हणाले. "हिच्या टाचा बघा. बेटा, लाटणं वर करायच्या आधी एक पाऊल लांब टाक. साहेबांचं डावं असतं."

मी डावं पाऊल लांब टाकलं. मागून ठोके पडले, बरोबर ओळीच्या टोकाला. भावजी जागच्या जागी थांबले.

"अरे!" ते म्हणाले. "हे त्यांना माहीत आहे?"

"त्यांना नाही. मला आहे. आता तुम्हालाही."

भावजींचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांना सगळा हिशेब कळला असावा. ते डबा काढत म्हणाले, "दादा, हे तुम्ही मला का सांगितलं? माझ्यासारखे तुम्ही इंदूरला आला असता, तर मी सांगितलं नसतं. खरं सांगतो."

बाबा म्हणाले, "आता सांगाल."

आई स्वयंपाकघराच्या दारातून सगळं पाहत होती. ती एवढंच म्हणाली, "ते लाटणं धुऊन आणा. पोळ्या करायच्या आहेत."

पंधरवड्याने चाचणी झाली. दोघांचेही ठोके बरोबर पडले. बँडमास्तरांनी दोघांची पाठ थोपटली, आणि आई म्हणाली होती तसंच झालं. वय बघून भावजींना ठेवलं. यात अन्याय काही नव्हता. बाबांच्या मागे बरीच वर्षं होती आणि भावजींच्या पुढे. बाबांनी चित्त्याचं कातडं जमा केलं आणि चालत घरी आले. आईने त्यांच्या अंगावर कातडं नाही हे पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या दिला.

भावजी आले नाहीत. मी बाहेर पाहिलं तर ते रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली उभे. ओळीतल्या पोरांकडून त्यांनी आपली ट्रंक मागवून घेतली होती, आणि कुठल्यातरी धर्मशाळेत जायला टांगा शोधत होते. मी आत येऊन सांगितलं.

बाबा उठायला लागले. आई म्हणाली, "तुम्ही बसा."

ती पदर खोचून बाहेर गेली. मी दारातून पाहत होते. मला वाटलं, आता ही त्यांना बोलणार. आईच्या तोंडाचा पट्टा सुटला की सगळी ओळ ऐकायची. ती रस्ता ओलांडून गेली आणि म्हणाली, "भावजी, भात निवतोय."

"वहिनी, मला तोंड नाही..."

"तोंड आहे. रोज तर तक्रारी करतं. चला. आणि ट्रंक ठेवा तिथेच, मी पोरांना सांगते आणायला."

ते मान खाली घालून आले. आईने त्या दिवशी पहिलं ताट त्यांना वाढलं, मग बाबांना. प्रार्थना रोज बाबा करत, पण त्यांनी आईकडे पाहिलं. आईनेच केली. तिने अन्नाबद्दल आभार मानले, पाहुण्याबद्दल मानले, आणि मग म्हणाली, "आणि आम्हाला कोणाच्या मागे चालतोय ते विसरू देऊ नकोस, आम्हाला विसरायचं असलं तरी." आमेन म्हणायला भावजी सगळ्यात पुढे होते.

क्वार्टर ढोलवाल्याचं, म्हणून ते आता त्यांना मिळणार होतं. त्यांनी खूप सांगितलं, तुम्ही राहा, मी मागची खोली घेतो. पण बायको-मुलं इंदूरहून येणार होती, आणि एवढ्या जागेत दोन संसार मावत नव्हते. बाबांना शहरातल्याच हजीऱ्यात कापडगिरणीत काम मिळालं, आणि आम्ही तिकडे एका चाळीतल्या खोलीत राहायला गेलो. जाण्याआधी आईने क्वार्टरची जमीन सारवली. चूल नव्याने लिंपली. भावजींना बरोबर घेऊन नळाची चकती कशी सैल होते ते दाखवलं, मागच्या खोलीत पावसात कुठे गळतं ते दाखवलं. "तुमच्या मंडळींना सांगा," ती म्हणाली, "चुलीला वारा उलटा लागतो, वाळकी लाकडंच लावायची. नाहीतर डोळे जातील." मग अंगणातल्या तुळशीला हात लावून म्हणाली, "ही मी आल्यापासून इथेच आहे, आधीच्यांची. मी तिला पूजलं नाही, पण पाणी घातलं रोज. तुम्ही पूजा करा."

गिरणीतली वर्षं सोपी नव्हती. कापसाच्या धुळीने बाबांना खोकला लागला. माझं कॉलेज त्या वर्षी झालं नाही, पुढच्या वर्षीही नाही. मी हजीऱ्यातल्या एका लहानशा मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. पण त्या शाळेच्या मोठ्या बाईंनीच मला सकाळी कॉलेजला जायची आणि दुपारी शिकवायची मुभा दिली, आणि मी बी. ए. झाले. त्या बाईंचे आभार मी किती मानू? आणि त्या ओळीतल्या सगळ्यांचे, जे आमचं सामान हातगाडीवर घालून हजीऱ्यापर्यंत ढकलत आले. भावजी दर नाताळला यायचे, इंदूरची शेव घेऊन. बाबा खोकत खोकत त्यांना चिडवत, "साहेबांचं पाऊल अजून लांब पडतं का?" साहेब निवृत्त झाले तेव्हा नव्या बँडमास्तरांच्या मागे भावजींना पुन्हा सगळं शिकावं लागलं. "वर्ष गेलं ओळख व्हायला," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "जाणारच."

पुढे मी आयुष्यभर शिकवलं. आज जिथे सिटी सेंटरची वस्ती आहे तिथे तेव्हा बाभळी होत्या, त्यांच्या कडेने सायकल मारत मी जात असे, आणि वाटेत जे काही ठरवायचं असे ते ठरवत असे. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा शाळेत बदल्या झाल्या, कोण कोणाच्या वर, कोण खाली, यावरून भांडणं झाली. मला अनेकदा गप्प राहणं सोयीचं होतं. काही वेळा मी राहिले, काही वेळा नाही. पण 'यात चूक काय' असं विचारून सुटका करून घेणं मला कधी नीट जमलं नाही, कारण 'तो काय करेल' हे थोडं थोडं माहीत व्हायला लागलं होतं. हे मला पुस्तकांतून मिळालं नाही. तेलाच्या डब्यांवर मिळालं, आणि त्याबद्दल मी देवाची ऋणी आहे.

कॉलेजात मी माझ्या वर्गातल्या मुलींपेक्षा मोठी दिसत असे. हजीऱ्यातल्या बायका दुपारी तांदूळ निवडायला एकत्र बसत, आणि एकदा त्यांच्यातली एक आईला म्हणाली, "आपकी बिटिया तो बड़ी लगती है बी. ए. के लिए. पढ़ाई बीच में छूट गई थी क्या? बीमार थी?"

आई सूप पाखडत होती. ती म्हणाली, "नहीं. बीच में हमारे यहाँ मेहमान थे."

बाई म्हणाली, "मेहमान? दो साल?"

"हाँ," आई म्हणाली, आणि पुढचे मूठभर तांदूळ सुपात घेतले.